अंजिराची बाग का करत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या गच्चीवरची अंजिरं ज्यांनी ज्यांनी खाल्ली, त्या सगळ्यांचा प्रश्न एकच. सासरची मुरबाडला जमीन आहे, माहेर पुरंदरचं, मग बाग का करत नाही? दर वेळी मी "बघू" म्हणून विषय टाळते. आज टाळत नाही.

गच्चीवर दोन ड्रम आहेत. दोन्हींत पुणे अंजीर, पुरंदरमधल्या दिवे गावाहून आणलेल्या छाट कलमांचं. ऑक्टोबरात छाटणी करते, फेब्रुवारी-मार्चपासून फळं पिकू लागतात. फळात किडा असतो का, हेही विचारतात. अंजिराच्या काही जातींत परागीकरणासाठी बारीक माशी फळात शिरते. या जातीला फळ धरायला ती लागत नाही, तेव्हा निर्धास्त खा. तोडायचं कधी, हेच महत्त्वाचं. फळाने मान टाकली, सालीला बारीक भेगा दिसू लागल्या आणि देठातून पांढरा चीक येईनासा झाला की ते तयार. आंब्यासारखी अढी घालून अंजीर पिकत नाही. झाडावर राहील तेवढीच त्याची गोडी. तुम्ही वाखाणता ते हे फळ, आणि नेमकं हेच फळ बाजारात पोचत नाही.

हे मला कोणी शिकवलं नाही. कॉलेजात असताना एप्रिलमध्ये ठाण्याला मावशीकडे यायचं होतं, म्हणून वडिलांबरोबर, अण्णांबरोबर, मालाच्या टेम्पोत बसले. अण्णा एरवी माल पाठवून द्यायचे. त्या दिवशी भाव चांगला होता म्हणून स्वतः निघाले. सकाळी तोडलेली, जरा घट्टच असलेली अंजिरं पाट्यांत पानांवर रचलेली. बोरघाटात पुढे एक ट्रक आडवा झाला होता. गाड्या तासन् तास जागच्या हलल्या नाहीत. अण्णा पुन्हा पुन्हा उतरून मागे जायचे, ताडपत्री वर करून वारा लागू द्यायचे. पहाटे मलाही वास यायला लागला, ताडीसारखा आंबूस. वाशीच्या फळबाजारात पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती, खरेदीदार पांगले होते. आडत्याने वरच्या थरातलं एक फळ अंगठ्याने दाबलं, रस मनगटापर्यंत ओघळला. त्याने पाटी बाजूला सरकवली. वाईट बोलला नाही तो; म्हणाला, "अण्णा, हा माल मी कोणाच्या गळ्यात घालू?" शेवटी एका ज्यूसवाल्याने सगळ्या पाट्या उचलल्या. पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, भाडं आणि हमाली वजा झाल्यावर अण्णांनी ती वाचलीही नाही, घडी करून खिशात घातली. मला ठाण्याच्या बसमध्ये बसवून दिलं, आणि खिडकीशी येऊन विचारलं, "मावशीसाठी चार चांगली काढून ठेवली होतीस ना?" मी ठेवली नव्हती. होती म्हणून सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, तो घाट होता. मुरबाडहून ठाणं किती लांब? खरं आहे, माझा हा मुद्दा लंगडा आहे. लग्नानंतर मीच दिरांना सांगत असे की अंजीर इथे होईल, बाजार दाराशी आहे. तेव्हाची मी चूक होते असं आजही म्हणवत नाही.

पण पाऊस? पुरंदरात वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर, इथे दोन हजारांच्या वर. ड्रम पत्र्याखाली ओढले तरी ऑगस्टपर्यंत पानांच्या मागे तांबेऱ्याची बुरशी दिसते, झाड उघडंबोडकं होतं. खट्टा बहार, म्हणजे पावसाळी हंगाम, मी धरतच नाही. पावसातली फळं फुटतात, बेचव होतात. दोन झाडांची पानं मी हाताने वेचून नष्ट करते. एकरभर झाडांना ते जमायचं नाही, तिथे फवारणीच. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नुसतं कौतुक नाही. त्या कोरड्या हवेचा आणि निचऱ्याच्या जमिनीचा त्यात वाटा आहे.

दीर म्हणतात, वर प्लास्टिक टाकू. पाऊस अडेल, दमट हवा कशी अडवणार? ते म्हणतात, मग बांधावर थोडी झाडं तरी लाव. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. लोकांना झाडाखाली बोलावून, मान टाकलेलं फळ तिथल्या तिथे द्यायचं, असंही मनात येतं. पण राखण कोण करणार? बुलबुल आणि वटवाघळं आमच्या आधी पोचतात. सतत फवारायला लागणार असेल तर मी बाग करणार नाही, एवढं पक्कं. बाकी सगळ्यावर आमची वादावादी चालूच आहे.