टांगाईलच्या पलटणीची यादी कशी ठेवावी

११ डिसेंबर १९७१ ला २ पॅरा (मराठा) पलटण तिच्या जोडीच्या तुकड्यांसह आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलजवळ छत्र्यांनी उतरली. सातशेच्या वर माणसं होती आणि नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांचं. लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घेतला, मयमनसिंहहून ढाक्याकडे मागे हटणाऱ्या पाकिस्तानी ९३ ब्रिगेडची वाट अडवली, आणि १६ तारखेला हीच पलटण ढाक्यात पोचली. तेव्हा विशीत असलेला शिपाई आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. नाईक-हवालदार होते ते ऐंशीपार.

त्यांची घरं बहुतेक सातारा, सांगली, कोल्हापूरकडची. पण काही इंदूरला आणि त्याजवळच्या महू या लष्करी छावणीच्या गावी स्थिरावली. या घरांना एकमेकांशी जोडून ठेवायचं काम इंदुरात बसून करणाऱ्यांसाठी हे लिहीत आहोत.

पहिली गोष्ट: यादी घराची करा. बहुतेक याद्यांत हुद्दा, नाव आणि मोबाइल नंबर एवढंच असतं. तो माणूस गेला की सहा महिन्यांत नंबर बंद पडतो आणि घर हरवतं. म्हणून एका घरामागे तीन नंबर हवेत: त्यांचा स्वतःचा, बायकोचा, आणि लग्न होऊन दुसरीकडे गेलेल्या मुलीचा. मुलाचा असतोच, पण मुलगा कामावर असतो आणि फोन उचलत नाही. मुलगी उचलते, आणि आईबापांच्या तब्येतीची खरी खबरही तिच्याकडेच असते.

दुसरी गोष्ट आर्मी नंबर. इथे घोळ ठरलेला. जवान नायब सुभेदार झाला की त्याला नवा जेसी नंबर मिळतो आणि घरात तोच सगळ्यांच्या लक्षात राहतो. १९७१ च्या कागदांत मात्र त्याचा जुना शिपाईचा नंबर असतो. यादीत दोन्ही लिहा, आणि शेवटचं इंग्रजी अक्षर गाळू नका. ते पडताळणीचं अक्षर असतं.

जुना नंबर घरात कोणालाच माहीत नसेल तर मेडल मागा. १९७१ चं संग्राम मेडल गोल आहे आणि त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. अक्षरं उथळ असतात. खोलीतला दिवा मालवायचा, मोबाइलचा टॉर्च कडेला जवळजवळ समांतर धरायचा आणि मेडल हळूहळू फिरवत चार-पाच फोटो काढायचे. समोरून उजेड टाकला तर धातू चमकतो, अक्षर दिसत नाही. आणि सुनेला आधीच फोन करून सांगा, पाहुणे येणार म्हणून पितांबरीने घासू नका. दर दिवाळीला चकचकीत केलेल्या मेडलवर फक्त आकड्यांचा भास उरतो.

तिसरी गोष्ट फारच थोडे लिहून ठेवतात: मूळ शाखा. टांगाईलला उतरलेले सगळे पायदळाचे नव्हते. तोफखान्याचे, सॅपर्सचे (इंजिनिअर दलाचे), सिग्नलचे, फील्ड ॲम्ब्युलन्सचे (वैद्यकीय पथकाचे) लोकही त्याच विमानांतून उडाले. उडी एकत्र मारली तरी प्रत्येकाची फाइल ज्याच्या त्याच्या रेकॉर्ड ऑफिसात. पॅराशूट रेजिमेंटची बेंगळुरूला, तोफखान्याची नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला, सिग्नलची जबलपूरला. ‘अहो, ते २ पॅराबरोबर होते’ म्हणून तोफखानेवाल्याचा अर्ज बेंगळुरूला पाठवला की तो काही महिन्यांनी तसाच परत येतो. डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानाचा फोटो यादीबरोबर ठेवलात तर ही फेरी वाचते.

आता नावं. मराठी घरांचं मध्य प्रदेशात जे होतं ते रेकॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाला समजावणं कठीण आहे. ज्ञानेश्वर हे नाव मराठी लिहिणारा इंग्रजीत डी-एन-वाय असं सुरू करतो. इंदुरात आधार काढताना समोरचा ऑपरेटर हिंदीत ‘ग्यानेश्वर’ उच्चारतो आणि जी-वाय टाकून मोकळा होतो. भरतीच्या वेळी तिसऱ्याच कोणी डी-एच-वाय लिहिलेलं असतं. माणूस एक, नावं तीन. बायकांचं याहून अवघड. लग्नात नाव बदलायची आपली रीत. लग्नानंतर सुट्टीवरून परतलेल्या जवानाने पलटणीत माहेरचं नाव सांगितलं, पार्ट टू ऑर्डरीत (सेवेच्या अधिकृत नोंदीत) तेच चढलं, तेच पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, आलं. आधारवर सासरचं. काकूंना लग्नापासून सगळे ‘सुमन’ म्हणतात आणि सरकारी कागदात त्या ‘हौसाबाई’ आहेत. हे नवरा जिवंत असताना उघडकीला आलं तर त्याच्या सहीच्या अर्जावर, शपथपत्रावर आणि आधारच्या प्रतीवर दुरुस्ती होते. तो गेल्यावर उघडकीला आलं तर ‘ही बाई कोण’ इथून सुरुवात करावी लागते.

म्हणून वर्षातून एकदा प्रत्येक घराला एकच काम सांगा: पीपीओ आणि आधार शेजारी शेजारी ठेवा आणि बायकोच्या नावातलं एकेक अक्षर बोटाने जुळवून बघा. त्याच वेळी तिची जन्मतारीखही बघा. जुन्या पीपीओंवर ती अनेकदा नसतेच. ऐंशी पूर्ण झाल्यावर पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. कुटुंब पेन्शनलाही हेच लागू आहे. तारीख नसेल तर यंत्रणेला आजी ऐंशीच्या झाल्या हे कळणार कसं? अशा वेळी ती वाढ आपोआप सुरू होत नाही आणि घरच्यांना ती आहे हेच ठाऊक नसतं.

दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्यातही एक ठरलेली चूक होते. पेन्शन संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन यंत्रणेवर गेलेली असते, पण जीवन प्रमाण (हयातीचा ऑनलाइन दाखला) भरणारा नातू पेन्शन देणारी संस्था म्हणून सवयीने आजोबांची बँक निवडतो. दाखला तयार झाल्याचा मेसेज येतो, सगळे निर्धास्त होतात, आणि पुढे दाखला नामंजूर झाल्याने पेन्शन थांबते. तिथे ‘स्पर्श’ आणि प्रयागराजचं पीसीडीए (संरक्षण पेन्शनचं लेखा कार्यालय) निवडायचं, नंबर ‘स्पर्श’च्या नव्या पीपीओचा टाकायचा. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. अशा वेळी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला निघतो. खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा.

फोनाफोनीचं सोपं आहे. एका माणसाकडे सातपेक्षा जास्त घरं देऊ नका आणि फोन सकाळी अकराच्या सुमारास करा. संध्याकाळी कान आणि मन दोन्ही थकलेलं असतं. ‘कसे आहात’ विचारलं की ‘ठीक’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: काकू, या महिन्यात कॅन्टीनला कोण गेलं होतं? गोळ्या कोण आणतं? महूच्या लष्करी कॅन्टीनच्या फेऱ्या बंद झाल्या असतील तर घरात काहीतरी बदललेलं असतं. व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप लागतात. एक गप्पांचा, दुसरा फक्त निधन, आजारपण आणि कागदपत्रांचा, ज्यात तिघांशिवाय कोणालाच लिहिता येणार नाही. नाहीतर ‘सुप्रभात जय हिंद’च्या गुलाबांखाली अंत्यविधीची वेळ गाडली जाते. इथली नातवंडं हिंदीत वाढलेली. साताऱ्याहून आलेला लांबलचक मराठी मजकूर ती वाचत नाहीत, आवाजातला निरोप मात्र ऐकतात.

मेळावा ११ ते १६ डिसेंबरच्या दरम्यान जवळच्या रविवारी ठेवा. माळव्यातली थंडी लक्षात घेऊन अकरा ते तीन. सभागृह तळमजल्यावर, खुर्च्यांना हात हवेत, कमोड असलेलं शौचालय जवळ. भाषणं दोनच. माइकच्या घुमणाऱ्या आवाजात तोफांनी कान गेलेल्या तोफखान्याच्या माणसाला काहीही कळत नाही. त्यापेक्षा सहा-सहा जणांची टेबलं मांडा आणि प्रत्येक टेबलावर एक जुना फोटो ठेवा. साताऱ्याकडून येणाऱ्यांना पुण्यातून इंदूरची गाडी मिळते. खालचा बर्थ मिळेल असं बघून तिकीट वेळेत काढा.

फोटोंवरून एक सावधगिरी. आकाशभर छत्र्यांचा जो फोटो टांगाईलचा म्हणून बऱ्याच घरांत लावलेला असतो, तो प्रसिद्धीसाठी दिला गेलेला आग्र्याजवळच्या आधीच्या सरावाचा आहे. त्यामुळे उतरलेली फौज होती त्याहून कितीतरी मोठी वाटली. ‘यातले बाबा कोणते’ असं नातवाने विचारलं तर बोट दाखवायच्या आधी हे माहीत असू द्या. फोटोमागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं.

आणि निधन झाल्यावर. नोंदणी २१ दिवसांत विनाशुल्क होते, पण त्याआधी एक गोष्ट: रुग्णालयाच्या फॉर्मवर नाव पीपीओप्रमाणे गेलं आहे का, हे त्याच दिवशी एकाने जाऊन बघावं. घरच्यांना त्या दिवशी सुधरत नाही. दाखल्याच्या आठ प्रती घ्या. रेकॉर्ड ऑफिस, ‘स्पर्श’, बँक, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), सैनिक कल्याण कार्यालय, सगळीकडे लागतात. प्रत्येक विधवेला ‘वीरनारी’ म्हणू नका. तो शब्द युद्धात किंवा लष्करी कारवाईत वीरमरण आलेल्याच्या पत्नीसाठी आहे, तिची पेन्शन वेगळी, आणि चुकीचा अर्ज भरला की वेळ जातो. घरी परत आलेली घटस्फोटित किंवा विधवा मुलगी आई-वडिलांवर अवलंबून असेल, तर तिचं नाव आई हयात असतानाच कागदावर चढवायला सांगा. हे बोलायला संकोच वाटतो. तेराव्यानंतर, चहा झाल्यावर, काकूंना नव्हे तर त्या मुलीलाच बाजूला घेऊन सांगावं.