चारशे आवाजांचा कीबोर्ड घेतला आणि फसले

लेकीला पियानो शिकायचाय म्हटल्यावर दोन वर्षांपूर्वी मी तेच केलं जे बहुतेक आईबाप करतात. दुकानात गेले आणि ६१ पट्ट्यांचा, चारशे आवाजांचा, तबल्यापासून हेलिकॉप्टरपर्यंत सगळं वाजवणारा कीबोर्ड उचलून आणला. बॉक्सवर ‘टच सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं होतं, दुकानदार म्हणाला मॅडम अगदी पियानोसारखाच, आणि मी लहानपणी पाच वर्षं पेटी शिकलेली असल्यामुळे मला वाटलं मला यातलं कळतं. नव्हतं कळत.

पियानोच्या ग्रेड वनच्या परीक्षेआधी टीचरनी पोरीला त्यांच्या घरच्या जुन्या अपराइट पियानोवर, म्हणजे तारांच्या उभ्या खऱ्या पियानोवर बसवलं, आणि घरी धडाधड वाजवणाऱ्या पोरीचे अर्धे सूर वाजेचनात. वाजले ते असे की एक ठणकन आणि पुढचा गायब. टीचर वसईतल्याच, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत मोठ्या झालेल्या, त्या हसून म्हणाल्या, अगं हिच्या बोटांना पट्टी ढकलायची सवयच नाहीये.

मग घरी येऊन पेटी काढली तेव्हा डोक्यात उजेड पडला. पेटीवर बोटं फक्त कुठला सूर ते सांगतात, आवाज लहानमोठा करणं भात्यावरच्या हाताचं काम, पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, फरक शून्य. पियानोत भाता नाही, जे काय करायचं ते बोटांनीच. पट्टी दाबली की आत फेल्टची हातोडी तारेवर फेकली जाते, आपटून लगेच मागे येते, आणि किती वेगाने फेकली त्यावर आवाज ठरतो. (१७०० च्या आसपास इटलीत फ्लॉरेन्समध्ये क्रिस्टोफोरी नावाच्या कारागिराने हे वाद्य बनवलं तेव्हा त्याच्या नावातच ‘पियानो ए फोर्ते’ होतं, म्हणजे हळू आणि जोरात. आपण नाव अर्धं तोडून नुसतं हळूच ठेवलं.) ती हातोडी उचलायचं वजन बोटाला लागतं, आणि खर्जाकडच्या हातोड्या मोठ्या म्हणून तिकडच्या पट्ट्या जड, वर जाल तशा हलक्या.

आता साध्या कीबोर्डात पट्टीखाली असते स्प्रिंग आणि रबर. टच सेन्सिटिव्ह म्हणजे एवढंच की तुम्ही किती वेगात दाबलं ते मोजलं जातं, वजनाचा त्यात काही संबंध नाही. ‘सेमी वेटेड’ म्हणजे बहुतेक वेळा जरा कडक स्प्रिंग. ८८ पट्ट्या आहेत म्हणजे वजनाच्या आहेत असंही नाही, ऑनलाइन स्वस्तात ८८ दिसतात त्यात किती तरी अशाच पोकळ. शोधायचा शब्द एकच, हॅमर ॲक्शन (फुल्ली वेटेडही म्हणतात), म्हणजे पट्टीखाली खऱ्या पियानोसारखं हातोडीचं वजन. तो नसेल तर बाकीचे हजार आवाज दुकानातच राहू देत.

मग अशा वजनाच्या पट्ट्यांचा, विजेवर चालणारा डिजिटल पियानो घ्यायचा ठरला, बजेट ठरवलं पंचेचाळीस हजार, आणि एका शनिवारी लोकल पकडून मायलेकी मुंबईत धोबीतलावला वाद्यांच्या दुकानात. कॅसिओ सीडीपी-एस ११०, यामाहा पी-१४५ आणि रोलँड एफपी-१०, असे तीन समोर आले, भाव तेव्हा चाळीस ते पंचावन्न हजारांच्या दरम्यान सांगितले. तिघांतही हातोडीची यंत्रणा आणि पूर्ण ८८ पट्ट्या. कॅसिओ इतका सडपातळ की विश्वास बसत नाही, साडेदहा किलो फक्त, आणि आमच्या वन बीएचकेत ही छोटी गोष्ट नाही. रोलँडच्या पट्ट्यांना तीन सेन्सर आहेत, त्यामुळे पट्टी पूर्ण वर यायच्या आत पुन्हा दाबली तरी सूर लागतो, शिवाय हळू दाबताना शेवटाकडे बोटाला एक बारीकशी अडखळ जाणवते, खऱ्या पियानोत हातोडी सुटते ना तिथे, तशी. यामाहा मला सगळ्यात सोपा, सरळ वाटला.

पण मला वाटून उपयोग काय. मी तिला डोळे मिटायला सांगितले (दुकानातली पोरं बघत होती, बघू देत), आवाज पार कमी केला आणि तिन्हींवर तिचाच परीक्षेचा पीस वाजवायला लावला. आवाज का कमी, तर मोठ्या आवाजात सगळंच छान वाटतं, हळू वाजवताना खोट उघडी पडते. मग एकच पट्टी भराभर, मग पट्टीच्या आतल्या टोकाला, काळ्या पट्ट्यांच्या मधल्या फटीत दाबून बघायची. हे टीचरनी मुद्दाम सांगितलं होतं, कारण स्वस्तातल्या पियानोंच्या पट्ट्या आतून आखूड असतात, टेकू जवळ आला की तिथे दाबायला फार जोर लागतो, आणि अंगठा नेमका तिथेच जातो काळ्या सुरांचा पीस आला की. पोरीने दोनदा फिरून रोलँडवर हात ठेवला. बजेट गेलं पुढे, नवऱ्याला फोन केला नाही, आधी पैसे भरले.

बॉक्समधला पेडल (पायाने दाबून सूर लांबवायचा) म्हणजे स्विचचा डबा, टाइल्सवर पळतो. त्याखाली आता योगा मॅटचा तुकडा आहे, चांगला पेडल दिवाळीला बघू. इंग्रजी एक्सच्या आकाराचा स्टँड मात्र घेऊ नका, आमचा जोरात वाजवलं की डुलायचा, महिन्याभरात लाकडी टेबल केलं सुताराकडून. खुर्चीची उंची जमेना म्हणून सध्या पोरगी किचनमधल्या स्टुलावर चार जुने दिवाळी अंक ठेवून बसते, कोपर पट्ट्यांच्या बरोबरीला आलं पाहिजे एवढंच बघायचं.

आणि हेडफोन लावले की शेजाऱ्यांना त्रास नाही ही माझी समजूत पहिल्या आठवड्यातच गेली. सूर कानात जातात पण वजनाच्या पट्ट्या तळाला धप्प धप्प लागतात ते जमिनीतून उतरतं, खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, रात्री साडेनऊला मसाला कुटता का गं? आता टेबलाच्या चारही पायांखाली सतरंजीच्या घड्या आहेत, आणि काकूंना रविवारी बोलावलंय ऐकायला, हेडफोनशिवाय.