दानीएलचं ऑडिट

चर्चमध्ये "आजकालचं जग" हा विषय निघाला की गाडी ठरलेल्या रुळावरूनच जाते. पोरांचे कपडे, वेब सिरीज, लिव्ह-इन, मोबाईल. मोठी माणसं माना डोलावतात, पोरं मुकाट खाली बघतात, संपला विषय. यावर बोलू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही, वचनात (म्हणजे बायबलमध्ये) आहे ते आहे. पण जगाच्या ज्या गोष्टी आपल्यात खरंच मुरल्यात त्यांचं नावही कोणी काढत नाही, कारण त्या मोठ्यांनाही आवडतात.

म्हणजे पैसा आणि प्रगती. बायबलमधला प्रेषित पौल कलस्सै इथल्या चर्चला पत्र लिहिताना (कलस्सैकर ३:५) जारकर्म, अशुद्धपणा वगैरे सांगतो आणि त्याच दमात लोभ पण घालतो, वर म्हणतो ही मूर्तिपूजा आहे. आता मूर्तिपूजेची पावती आपण नेहमी दुसऱ्याच्या नावावर फाडतो ना, इथे ती थेट चर्चला लिहिलेल्या पत्रात फाटलीये. आणि आमच्याकडे साक्षीला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, काय असतं तर प्रमोशन, नवीन फ्लॅट, व्हिसा. आनंदच आहे, देवाचे आभार मानायलाच हवेत. पण एका भावाने घरच्यांना वेळ देता यावा म्हणून प्रमोशन नाकारलं तेव्हा त्याच्यासाठी ग्रुपवर प्रार्थना विनंती आली की प्रभू त्याला योग्य निर्णय घ्यायची बुद्धी देवो :)

ऑफिसचं घ्या. क्वार्टर संपत आलं की बॉस सहज म्हणतो, पुढच्या महिन्याची ऑर्डर याच महिन्यात दाखव ना, सगळेच करतात. नाही म्हटलं तर काही छळ वगैरे होत नाही, दोन मिनिटं शांतता, मग "तू फारच सिरियस घेतोस यार" आणि नंतर लंचला बोलावणं जरा कमी होतं, बस. विश्वासाची परीक्षा म्हटलं की आपल्याला दानीएलला टाकलं होतं ती सिंहांची गुहा आठवते, पण बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकात त्याच ६ व्या अध्यायात ४ थी ओवी वाचा, दानीएलच्या शत्रूंनी आधी त्याचा सरकारी कारभार खणून काढला होता आणि त्यांना एक गैरव्यवहार सापडला नाही. म्हणजे सिंहांच्या आधी ऑडिट झालं होतं आणि ते क्लीन निघालं. संडेस्कूलमध्ये आपण फक्त सिंहांची चित्रं रंगवली.

आणि "सगळेच करतात" हे काही आजचं नाही. इंग्लंडात गुलामांचा व्यापार हा इज्जतदार धंदा होता, त्यातली बरीच माणसं दर रविवारी चर्चमध्ये बसायची. १७९१ मध्ये खासदार विल्बरफोर्सचा हा व्यापार बंद करायचा ठराव पार्लमेंटने फेटाळला, तेव्हा कित्येक घरांनी गुलामांच्या कष्टातून येणारी वेस्ट इंडीजची साखरच बंद केली, त्यात चर्चची माणसं भरपूर होती. व्यापारावर बंदी यायला १८०७ उजाडलं आणि गुलामगिरी संपवायचा कायदा १८३३ चा. तोवर बिनसाखरेचा चहा पिणाऱ्यांना लोक काय काय म्हणाले असतील विचार करा. मला हे भाषणांपेक्षा जास्त भावतं, कारण भाषण एकदा होतं आणि चहा रोज.

आता आपली साखर कुठली? मला वाटतं घाई. सगळं आत्ता पाहिजे आणि आपण सतत बिझी असलो तरच आपली किंमत. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात, ५ व्या अध्यायात, शब्बाथाचं (आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचं) कारण दिलंय की तुम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होता हे आठवा, आणि सुट्टी फक्त मालकाला नाहीये, मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारातला परका, सगळ्यांना आहे. आपण उपासना आटपून बाहेर पडता पडता जेवण ऑर्डर करतो आणि वीस मिनिटांत आलं नाही की एक स्टार देतो.

हे मी सेल ग्रुपमध्ये (घरोघरी भरणाऱ्या चर्चच्या छोट्या गटात) काढलं तर एक जण म्हणाला, मग रविवारी उपाशी राहायचं का? तेव्हा त्याची बायको म्हणाली, ऑर्डर नको म्हणजे स्वयंपाक माझ्याकडे येणार, आणि तुमच्या त्या यादीत बैल आहे, गाढव आहे, बायको कुठंय? कोणाकडेच उत्तर नव्हतं. पुढची मीटिंग त्यांच्याच घरी आहे, जेवण पुरुषांनी करायचं ठरलंय.