दहीकाल्याचे सहा तुकडे

आमच्या गावच्या जत्रेत रात्रभर दशावतार असतो, त्यालाच आम्ही दहीकाला म्हणतो. त्यात बाबा मृदंगावर. गुडघ्यांनी त्रास द्यायला लागल्यामुळे हा शेवटचा प्रयोग म्हणाले, तेव्हा मी हँडीकॅम घेऊन गेलो. पावणेतीन तासांचं शूटिंग झालं. घरी येऊन कार्ड उघडलं तर एकाऐवजी सहा एमटीएस (हँडीकॅमच्या व्हिडिओच्या) फायली. कार्ड फॅट 32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं होतं, त्यात 4 जीबीच्या पुढची फाइल बसत नाही, म्हणून कॅमेरा दर बत्तीसेक मिनिटांनी नवी फाइल सुरू करत गेला होता.

मी त्या फायली एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढल्या, एकामागे एक लावल्या आणि एक्सपोर्ट दाबलं. लॅपटॉप रात्रभर तापला. सकाळी 22 जीबीची 7 जीबी झाली होती. संकासुराच्या काळ्या झग्याचे चौकोन पडले होते, राजाच्या मुकुटावरची चमक गेली होती. सेकंदाला 25 फ्रेमचं शूटिंग मी न बघता 30 वर काढलं, त्यामुळे युद्धनृत्याच्या गिरक्या अडखळत होत्या. मला फार वाईट वाटलं.

मग कळलं की नुसतं जोडायचं असेल तर चित्र नव्याने कॉम्प्रेस करायची गरजच नसते. एकाच कॅमेऱ्याच्या, एकाच सेटिंगच्या फायली असतील तर आतला डेटा जसाच्या तसा उचलून पुढे ठेवता येतो. लॉसलेसकट नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने ते काही मिनिटांत केलं. चित्र अगदी मूळचं! मी खूश होऊन बाबांना दाखवलं. पहिल्या सांध्यावर ते थांबले. म्हणाले, "हयसर थाप खाल्ली."

खरंच खाल्ली होती. हेडफोन लावून चार वेळा ऐकलं तेव्हा मला कळलं. एमटीएस म्हणजे 192 बाइटांच्या पाकिटांची रांग. कॅमेरा ती मध्येच तोडतो, फ्रेम किंवा आवाजाचा तुकडा पुरा झाला की नाही हे बघत नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल वेगळी वाचतं, त्यामुळे सांध्यावरचा अर्धा तुकडा फेकला जातो.

उपाय विंडोजमध्येच होता. कमांड प्रॉम्प्टवर कॉपी कमांड, पुढे स्लॅश बी, मग सहा नावं क्रमाने, मध्ये अधिकची चिन्हं. बाइटला बाइट चिकटते. सहा फायलींची बेरीज आणि नव्या फाइलचा आकार शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. मग एफएफएमपेग या फुकट सॉफ्टवेअरने, कोडेक कॉपी ठेवून म्हणजे चित्र-आवाज नव्याने कॉम्प्रेस न करता, ती एमकेव्ही प्रकारच्या व्हिडिओ फाइलीत घातली. एक लक्षात ठेवा, एवढी फाइल ठेवायची डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी.

पालखीचा फोनवरचा व्हिडिओ मात्र जोडला नाही. त्याचा फ्रेमरेट वेगळा, त्याच्यासाठी सगळं पुन्हा एन्कोड करावं लागलं असतं. तो स्वतंत्र ठेवला. नातेवाइकांना पाठवायला हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून डीइंटरलेस करून (हलत्या चित्रातल्या आडव्या रेघा काढून) वेगळी, लहान प्रत काढली.

बाबांनी पुन्हा बत्तिसाव्या मिनिटापासून लावायला सांगितलं. सांधा आला, गेला. त्यांची बोटं मांडीवर चालूच होती.