तुम्ही विचारलंत म्हणून: लेकराला मांडीवर काऊन नाही घेत?

लग्नात, तेराव्याला, बाजारात, जिथं गाडी थांबली तिथं कुणीतरी विचारतेच, की पोरगी एवढी रडून राहिली तर मांडीवर घे ना, गाडीतल्या त्या लहान लेकराच्या खुर्चीत, म्हणजे चाइल्ड सीटमध्ये, काऊन बांधून ठेवली. सासूबाईंनी तर पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, "काऊन वं, लेकरू काय बैल हाय का, दावणीले बांधाले?" त्यांना तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं, आता सांगते.

आमचं गाव दारव्ह्याकडचं, माहेर पुसदकडं, म्हणजे महिन्यातून एक चक्कर ठरलेली. लेक दहा किलोची झाली तेव्हा मी एक साधा हिशोब केला. गाडी ५०च्या स्पीडनं चालली आणि समोर ट्रॅक्टरची ट्रॉली आली, गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्या क्षणी दहा किलोचं लेकरू हाताला साधारण १४० किलोचं लागते. म्हणजे जवळजवळ दीड क्विंटल कापूस. आपल्या घरात कोणाच्या हातात दीड क्विंटल थांबते सांगा. माय कितीही घट्ट धरो, ते सुटतेच, आणि मायनं बेल्ट लावला नसेल तर तीच लेकरावर जाऊन पडते. म्हणून मांडी नाही. माया कमी आहे म्हणून नाही, बाप्पा.

पण खरं सांगायचं ते पुढंच आहे. सीट घेतली म्हणजे झालं असं मलाही वाटलं होतं. आमची वॅगनआर जुनी, तिच्यात आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या, कड्या नाहीत, त्यामुळं सीट गाडीच्या बेल्टनंच बांधावी लागते. दुकानदारानं बसवून दिली, तोंड पुढं करून, म्हणे लेकराले समोरचं दिसते. लेक तेव्हा सात महिन्यांची होती. दोन-अडीच महिने आम्ही तशेच फिरलो. मग एकदा दिग्रसच्या पुढं वळणावर सीटच एका बाजूला कलंडली, लेकीसकट. काही लागलं नाही, पण मी घरी आल्यावर सीट हातानं हलवून पाह्यली तर वीतभर इकडं, वीतभर तिकडं. त्या रात्री पुस्तिका काढून बसले. सीटवर बेल्ट ओवायच्या दोन वाटा असतात, लाल आणि निळी. लाल म्हणजे तोंड पुढं असताना, निळी म्हणजे तोंड मागं असताना. आमचा बेल्ट अर्धा लालमधून आणि अर्धा कशातूनच नाही. माझे हातपाय गार पडले होते.

दुसऱ्या दिवशी अंगणात सपाट जागी गाडी लावली, सीटचं तोंड मागं केलं, निळ्या वाटेनं बेल्ट ओवला, गुडघ्यानं सीट दाबली आणि बेल्ट ओढून ओढून कसला. बेल्ट जिथून जाते तिथं धरून हलवायचं, इंचभरापेक्षा जास्त हलली नाही पाह्यजे.

तोंड मागं काऊन, हे पण सगळे विचारतात. लहान लेकराचं डोकं अंगाच्या मानानं लई जड आणि मान कच्ची. समोरून धडक बसली की तोंड पुढं असलेल्या लेकराचं डोकं झटक्यानं पुढं जाते आणि सगळा ताण मानेवर येते. तोंड मागं असलं की पाठ, मान, डोकं सगळं मिळून सीटच्या पाठीवर दाबल्या जाते. ही कल्पना स्वीडनच्या बर्टिल ऑल्डमनची, १९६४च्या सुमाराची, अंतराळवीर यानात पाठीवर रेलून बसतात ते पाहून सुचलेली. युरोपात आता नव्या नियमाच्या सीटमध्ये किमान १५ महिन्यांपर्यंत मागंच तोंड, आणि डॉक्टर म्हणतात सीटचं वजन-उंचीचं माप संपेपर्यंत तसंच ठेवा. पाय दुमडतात म्हणून घाबरू नका, लेकरं मांडी घालून बसतात मजेत. फक्त पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर अशी सीट कधीच लावू नका, एअरबॅग उघडली की सरळ लेकराच्या डोक्यामागं आदळते.

आता चाइल्ड सीटचा पट्टा, म्हणजे लेकराला बांधायचा. खांद्यावरचा पट्टा बोटांच्या चिमटीत धरून पाहा, चिमटीत आला तर ढिला, अजून ओढा. हे मी दर वेळी करते, घाई असली तरी. जानेवारीत जाड स्वेटर घालून बांधू नका, स्वेटर दबते आणि पट्टा ढिला पडते, आधी पट्टा मग वरून गोधडी. आणि मे महिन्यात, आपल्याकडं ४५ डिग्री म्हणजे काही नवल नाही, पट्ट्याचं लोखंडी बक्कल असं तापते की लेकराच्या मांडीला चटका बसते. मी गाडी उभी करताना सीटवर पांढरा दुपट्टा टाकते आणि बसवायच्या आधी बक्कल स्वतःच्या हाताला लावून पाहते. लेकराला बंद गाडीत एकटं ठेवायचं नाही, दोन मिनिटांसाठी पण नाही.

रडते तेव्हा? गाडी बाजूला घेते, काढते, दूध पाजते, परत बांधते. चालत्या गाडीत काढत नाही. पुसदला पोचायला अर्धा तास जास्त लागते, लागू द्या.

कायद्याचं विचाराल तर २०१९च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असलं तर १००० रुपये दंड आहे, कलम १९४ब. पण तुम्ही दंडासाठी नका घेऊ. जुनी सीट कुणाकडून घेत असाल तर एवढंच विचारा, की अपघातात होती का, आणि मागं छापलेली मुदत पाहून घ्या. अपघातातली सीट वरून चांगली दिसली तरी घेऊ नका.

नणंदेनं नवीन सीट आणलीय, शनिवारी सकाळी आमच्याच अंगणात लावतो आहोत. ज्यांच्याकडं आहे त्यांनी आपली गाडी, सीट आणि पुस्तिका घेऊन या, पुस्तिका विसरू नका, कारण प्रत्येक सीटच्या वाटा वेगळ्या असतात.