फायनल ले-आउटची फाईल

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या हद्दीत, आमची वडिलोपार्जित १ हेक्टर ३० आर जमीन आहे. विकास योजनेत ती रहिवासी विभागात आल्यावर आम्ही तिचे रेखांकन, म्हणजे भूखंड आणि रस्ते पाडण्याचा आराखडा, करावयास घेतले, आणि तात्पुरती मंजुरी हाती पडली त्या दिवशी घरी पेढे वाटले गेले. पेढे वाटण्याची घाई झाली, हे आम्हाला नंतर आठ महिन्यांनी आलेल्या त्रुटीपत्राने समजावून सांगितले. आमच्याकडे ज्याला सरसकट ‘फायनल ले-आउट’ म्हणतात, त्या अंतिम मंजुरीची फाईल कशी तयार होते आणि कुठे अडते, हे त्या निमित्ताने मला जवळून पाहता आले.

मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्याप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात १० टक्के क्षेत्र खुली जागा म्हणून सोडावे लागते. नगरपरिषदेच्या हद्दीत २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीला सार्वजनिक सोयींसाठीचे सुविधा क्षेत्रही द्यावे लागते. आमची जमीन त्याहून लहान असल्याने तो प्रश्न आला नाही. ही टक्केवारी कोणताही आर्किटेक्ट पाच मिनिटांत सांगतो. ती कोणत्या क्षेत्रावर काढायची, हा खरा कळीचा मुद्दा आहे आणि तिथेच आमच्यासारखे शेतकरी चुकतात.

नकाशावरील क्षेत्र तक्त्यात अगदी पहिल्याच ओळीला मूळ जमिनीचे क्षेत्र तीन प्रकारे लिहावे लागते: मालकीच्या कागदाप्रमाणे, मोजणी नकाशाप्रमाणे आणि प्रत्यक्ष जागेप्रमाणे. या तिन्हींपैकी जे सर्वांत कमी असेल तेच पुढील सर्व हिशेबासाठी धरले जाते. आमच्या सातबाऱ्यावर १३,००० चौरस मीटर होते आणि जुन्या मोजणीच्या ‘क’ प्रतीवर, म्हणजे मोजणी नकाशावर, १२,७००. प्रत्यक्ष जागा मोजणीप्रमाणेच असेल असे गृहीत धरून तात्पुरता नकाशा १२,७०० वर बसवला गेला, खुली जागा १,२७० दाखवली गेली आणि एकूण ४१ भूखंड पडले. कागदावर सगळे नेटके दिसत होते.

तात्पुरत्या मंजुरीचा अर्थ एवढाच की, हा आराखडा नियमात बसतो, आता तो जमिनीवर उतरवून दाखवा. त्यानंतर मंजूर नकाशाप्रमाणे रस्ते, भूखंड आणि खुली जागा यांची प्रत्यक्ष आखणी करायची, भूमी अभिलेख कार्यालयाकडे बिनशेती मोजणीचे शुल्क भरून त्या आखणीची मोजणी करून घ्यायची, आणि उपअधीक्षकांच्या सहीचा तो मोजणी नकाशा जोडून अंतिम मंजुरीसाठी पुन्हा अर्ज करायचा, असा क्रम आहे. या क्रमाला अनेक जण कार्यालयीन छळ समजतात. माझे मत आता वेगळे झाले आहे, कारण भूखंड विकत घेणारा माणूस नकाशावर घर बांधत नाही.

मराठवाड्यात या मोजणीला ऋतूचेही बंधन असते. शेजारच्या शेतात कापूस किंवा तूर उभी असताना हद्दीवरून नीट फिरता येत नाही, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत पायच ठरत नाही. म्हणून जो तो मार्चनंतरची तारीख मागतो आणि भूकरमापकावर सगळा भार एकदम येतो. आमची मोजणी एप्रिलच्या उन्हात झाली. पूर्वेचा सुमारे ६० मीटर लांबीचा बांध आमच्या बाजूला एक मीटर आत आलेला निघाला. दरवर्षीच्या नांगरटीत एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक रेघ, सरकत तो कधी इतका आत आला, ते शेजाऱ्यांनाही सांगता आले नाही आणि आम्हालाही. भूकरमापक एवढेच म्हणाले, “काका, बांध काही एका साली सरकत नसतो.”

या एका मीटरमुळे ६० चौरस मीटर क्षेत्र कमी झाले. जागेवरील क्षेत्र १२,६४० ठरले, तेच सर्वांत कमी असल्याने तेच धरावे लागले. खुली जागा १,२६४ वर आली, ही किरकोळ बाब होती. पण बांधालगतचे १५ मीटर रुंदीचे चार भूखंड प्रत्येकी १५ चौरस मीटरने घटले. त्यांपैकी एका भूखंडाची इसारपावती आमच्या धाकट्या काकांनी तात्पुरत्या नकाशावरच करून दिली होती, त्यात २०० चौरस मीटर लिहिले होते आणि जागेवर १८५ भरत होते. इथे दोष सर्वस्वी आमचा होता. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील आणि आठपेक्षा अधिक भूखंडांच्या प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात वा विक्री करता येत नाही, हे २०१६ च्या कायद्यात स्पष्ट आहे. घेतलेली रक्कम आम्ही परत केली आणि त्या गृहस्थांचे चार शब्दही ऐकून घेतले.

अंतिम अर्जासोबत सुधारित नकाशा द्यावा लागला. आमच्यासारख्या लहान रेखांकनाचा नकाशा १:५०० प्रमाणात काढतात. उत्तर दिशा, लगतच्या रस्त्याची रुंदी, ओढा, विजेच्या तारा, मोठी झाडे हे सर्व त्यावर दिसले पाहिजे. आमच्या पहिल्या नकाशात कोपऱ्यातील चिंच सुटली होती, तीही त्रुटीपत्रात आली. सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या, रस्ते व गटारांच्या कामांचे दाखले आणि रूपांतर कराची पावती यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चिकाटीने जमवली की ती जमतात.

एका कागदाबद्दल मात्र लिहिले पाहिजे. आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानातून आलेला असल्याने जमीन इनामाची, कुळाची किंवा भोगवटादार वर्ग दोनची (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) तर नव्हती ना, हे पाहण्यासाठी १९५४-५५ चे खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या कब्जाची जुनी नोंद, मागितले जाते. पुण्याकडच्या आर्किटेक्टला याची कल्पना नसते. तहसीलच्या अभिलेख कक्षात ते पान मिळायला आम्हाला पाच आठवडे लागले. कडा झिजलेल्या त्या पानावर आमच्या पणजोबांचे नाव वाचताना मात्र त्या पाच आठवड्यांचा राग राहिला नाही.

मुदतीविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवायचा असतो, परंतु त्रुटी काढल्यास हे दिवस आपल्या उत्तरापासून मोजले जातात. म्हणून उत्तर तुकड्यातुकड्याने न देता एकदाच पूर्ण द्यावे. दुसरे म्हणजे, परवानगी एक वर्षच टिकते. पुढे दरवर्षी वाढवून घेता येते, पण ही वाढ तीन वर्षांच्या पुढे जात नाही.

हे सगळे टाळून नुसत्या बाँडवर गुंठा-गुंठा विकणारे आमच्याही गावात आहेत. छत्रपती संभाजीनगरात तर अशा गुंठेवारी वसाहतींमध्ये हजारो कुटुंबे राहतात. त्यांच्यासाठी २००१ चा नियमितीकरण कायदा आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवावी लागली. अरुंद रस्ते मात्र कोणत्याही दुरुस्तीने रुंद होत नाहीत आणि नसलेले गटार तयार होत नाही.

आमची अंतिम मंजुरी दिवाळीनंतर आली. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाने कमी-जास्त पत्रक, म्हणजे नव्या भूखंडांच्या क्षेत्रांचा हिशेब, तयार केले, ज्याला सगळे ‘कजाप’ म्हणतात. त्यावरून फेरफार, म्हणजे महसुली नोंदीतील बदल, झाला, ४१ भूखंडांचे स्वतंत्र सातबारे निघाले, आणि रस्ते व खुली जागा यांची वेगळी नोंद झाली. महारेराचा क्रमांक मिळेपर्यंत काकांनी इसारपावतीचे पुस्तक आईच्या कपाटात ठेवावयास दिले होते. पूर्वेच्या शेजाऱ्यांशी बोलून आम्ही नव्या हद्दीवर सिमेंटचे खांब रोवले आहेत. काळी माती उन्हाळ्यात फाटते म्हणून ते तीन फूट खोल घेतले आहेत.