मुंबईचं जुनं घर पूर्वेच्या पाण्यावर आहे

बाहेरगावचे पाहुणे आले की सगळे त्यांना मरीन ड्राइव्हला नेतात. मी बंदराकडे नेते. या शहराची सुरुवात पूर्वेच्या पाण्यावर झाली, आणि ती दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

गेटवेवरून घारापुरीची लाँच पकडायची आणि ती सुटली की तोंड शहराकडे करून बसायचं. सगळे ताजचे फोटो काढत असतात. तेव्हा उजवीकडे बघा. नौदलाच्या गोदीपलीकडे, आयएनएस आंग्रे या नौदल तळाच्या आवारात, बॉम्बे कॅसलचे अवशेष आहेत. किल्ल्याच्या आधी तिथे गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा वाडा होता. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबई बेट इंग्रजांच्या हवाली झालं ते याच वाड्यात. आपल्या मुंबईतल्या आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं, असं ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात लिहून ठेवलंय. त्याच ग्रंथात घारापुरीच्या लेण्यांचंही वर्णन आहे. म्हणजे आपण आता निघालोय तिथे तोही जाऊन आला होता! पुढे १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. हे सांगताना माझा आवाज दरवेळी चढतो.

त्या आवारात सहजासहजी जाता येत नाही, नौदलाची परवानगी लागते. शाळेच्या मुलांना तरी ते नेमाने दाखवावं, असं मला फार वाटतं.

वाटेतल्या जवाहर द्वीपावर तेलाची जहाजं लागतात, तिथे उतरता येत नाही. मग घारापुरी. वीस फुटी सदाशिवासमोर वेळ काढाच, पण तिथूनच परत फिरू नका. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही बेटावरची गावं. समोर रात्रभर झगमगणारी मुंबई, आणि या गावांत समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ मध्ये! इतकी वर्षं संध्याकाळचे काही तास जनरेटरवर काढलेल्या माणसांशी दोन शब्द बोला.

पोर्तुगिजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तो दगडी हत्ती मात्र बेटावर नाही. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला. पुढे तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बागेत आहे. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे रविवारी घारापुरी करा आणि हत्तीसाठी वेगळा दिवस ठेवा.